सांता फे गांव आणि त्याचे संस्थापक वास्को दे किरोगा

महोत्सवाच्या पुस्तिकेंत आपल्या धर्मग्रामाचा वृत्तांत यावा हें उचितच आहे. तथापि गांव वसवितो कोण आणि वसविल्यावर तें टिकतें कशानें, असा प्रश्न ज्यांस पडतो त्या वाचकांपुढें आम्ही आज एका दूरदेशींच्या लहान गांवाचा इतिहास ठेवीत आहों.

मेक्सिको देशांत मिचोआकान प्रांतीं पात्स्क्वारो नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठीं 'सांता फे दे ला लागुना' हें पुरेपेचा लोकांचें, कुंभारकामाविषयीं प्रसिद्ध असलेलें गांव आहे. सांता फे म्हणजे पवित्र श्रद्धा. हें गांव इ. स. १५३३ मध्यें वसलें. दुसऱ्याच वर्षीं गुजराथच्या बहादूरशहानें वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. म्हणजे वसईकडील ख्रिस्ती गांवांची व या गांवाची ख्रिस्ती कहाणी जवळजवळ एका वयाची. शिवाय मेक्सिको आपणांस अगदींच परका नाहीं. इ. स. १५९७ मध्यें नागासाकी येथें आपले वसईकर संत गोन्सालो गार्सिया क्रुसावर चढले, तेव्हां त्यांच्या सोबत्यांत मेक्सिकोचे संत फेलिपे हेही होते.

स्पॅनिश लोकांनीं इ. स. १५२१ मध्यें मेक्सिको नगर जिंकलें. त्यानंतर पुरेपेचांचा राजा फारशी लढाई न देतां शरण आला. तरीही १५३० मध्यें नून्यो दे गुस्मान या अधिकाऱ्यानें सोन्याच्या लोभानें त्याचे हाल हाल करून त्यास ठार मारिलें. प्रजा भयानें डोंगरांत पांगली. जेत्यांचाही धर्म ख्रिस्ती म्हणवीत होता, हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. पण इतिहास लिहावयाचा तर तो असाच लिहिला पाहिजे.

अशा वेळीं, १५३१ मध्यें, वास्को दे किरोगा हे राजाच्या नव्या न्यायमंडळाचे न्यायाधीश म्हणून मेक्सिकोंत आले. ते धर्मगुरु नव्हते, कायदेपंडित होते. बाजारांतून अनाथ पोरें डुकरांनीं व कुत्र्यांनीं टाकलेलें उष्टें शोधीत हिंडत आहेत, असें त्यांनीं त्याच वर्षीं स्पेनास लिहून कळविलें, आणि या लोकांसाठीं स्वतंत्र गांवें वसवावीं अशी सूचना केली. सरकारच्या पैशाची वाट मात्र त्यांनीं पाहिली नाहीं. आपल्या पगारांतून जमीन घेऊन १५३२ मध्यें मेक्सिको नगराजवळ पहिलें सांता फे उभें केलें, आणि पुढल्या वर्षीं मिचोआकानांत दुसरें.

या गांवांस ते 'इस्पितळ' म्हणत. परंतु त्या काळीं या शब्दाचा अर्थ आजच्यापेक्षां व्यापक होता. रोगी, वाटसरू, अनाथ, दरिद्री अशा सर्वांस आसरा तें इस्पितळ. किरोगांनीं गांवासाठीं लिहिलेले नियम उपलब्ध आहेत. जमीन सर्वांची सामाईक. ती कोणींही विकूं नये. एका कुळांतील कांहीं कुटुंबांनीं वडीलधाऱ्या पुरुषाच्या आज्ञेंत एकत्र राहावें. दिवसाचें काम सहा तासांचें. शेतकी प्रत्येकास आली पाहिजे, आणि मुलांसही ती खेळतां खेळतां शिकवावी. मुलींनीं लोकर, कापूस, रेशीम यांचें काम शिकावें. पीक ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें वांटावें, आणि नापिकीच्या वर्षासाठीं धान्य राखून ठेवावें. गांवचा मुख्य लोकांनीं निवडावा. सांथीच्या रोग्यांचें दालन निराळें व इतरांचें निराळें. मध्यें प्रार्थनामंदिर अशा रीतीनें बांधावें कीं, खाटेवरूनच रोग्यांस मिस्सा ऐकतां यावा. दुखणाइतांच्या सेवेंत आयुष्य घालविणाऱ्या आमच्या भगिनींस हा नियम विशेष आवडेल.

या योजनेचें बीज इंग्लंडचे सर थॉमस मोर यांच्या १५१६ सालच्या 'युटोपिया' या ग्रंथांत होतें. युटोपिया म्हणजे 'कोठेंही नसलेलें स्थळ'. मोर यांनीं कागदावर कल्पिलेलें गांव किरोगांनीं मातींत उतरविलें. १५३५ मध्यें, ज्या वर्षीं मोर यांचा शिरच्छेद झाला त्याच वर्षीं, किरोगांनीं इंडियन लोकांस गुलाम करण्याविरुद्ध मोठा निबंध लिहिला व त्यांत मोर यांची स्तुति केली. राजानें १५३० मध्यें केलेली गुलामगिरीची बंदी १५३४ मध्यें मागें घेतली होती. त्यावरील हें उत्तर होय.

विरोध अर्थातच झाला. इंडियनांस वेठीस धरून गांव बांधलें, असा आरोप किरोगांच्या कारभाराच्या चौकशींत १५३६ मध्यें आला. त्यांतून ते निर्दोष सुटले. एका स्पॅनिश जहागीरदारानें सरोवराकांठच्या वस्त्यांवर हक्क सांगितला, आणि तो दावा वर्षानुवर्षें चालला. आमचाही एक आक्षेप आहे. गांवकऱ्यांचा पोशाख, काम, लग्नाचें वय, सारें संस्थापकानेंच ठरविलें. बाप कितीही मायाळू असला तरी प्रौढ मुलांस कांहीं विचारावें लागतें. त्या नियमांत खुद्द पुरेपेचांचा शब्द ऐकूं येत नाहीं. मात्र त्यांनीं या पुरुषास 'ताता' म्हटलें, म्हणजे बाप, आपल्या 'तात' शब्दासारखेंच. आणि तें नांव कोणी हुकुमानें घ्यावयास लावीत नसतें.

१५३८ मध्यें हेच न्यायाधीश गुरुदीक्षा घेऊन मिचोआकानचे पहिले बिशप झाले. पात्स्क्वारो येथें त्यांनीं संत निकोलसाचें विद्यालय काढलें. तें बांधण्यास तेथील इंडियनांनीं श्रम केले, म्हणून त्यांच्या मुलांस तेथें विनामूल्य शिकवावें, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें. दोन्ही सांता फे गांवांची देखरेखही त्याच विद्यालयाकडे सोंपविली. मार्च १५६५ मध्यें त्यांनीं देह ठेविला. डिसेंबर २०२० मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांच्या वीरोचित सद्गुणांस मान्यता देऊन त्यांस 'पूज्य' ही पदवी दिली.

मेक्सिको नगराजवळील पहिल्या सांता फेचें नांव आतां गगनचुंबी इमारतींच्या व्यापारी भागास मिळालें आहे. सरोवराकांठचें गांव मात्र अजून पुरेपेचा भाषा बोलतें. इ. स. १९७९ मध्यें शेजारच्या पशुपालकांशीं सामाईक जमिनीवरून तंटा पेटला, तेव्हां गांवकरी आपल्या जमिनीसाठीं एकजुटीनें उभे राहिले. जुन्या इस्पितळाची वास्तु तेथें आजही आहे, आणि गांवच्या भट्ट्यांतून मडकीं निघतच आहेत.