मूल कोणत्या खात्याचे?

डोंगरीचा तुरुंग मराठी वाचकाला माहीत असतो तो टिळक-आगरकरांच्या १८८२ मधल्या १०१ दिवसांमुळे. त्याच वास्तूत पुढे मुलांचे रिमांड होम आले, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. परिवीक्षा अधिकारी म्हणून नोकरी केल्यामुळे मला मात्र तो तुरुंग आठवतो तो या मुलांसाठी.

गुन्ह्यात सापडलेले मूल कुणाच्या ताब्यात द्यायचे, हा प्रश्न जुना आहे. १८५० च्या कायद्याने दंडाधिकाऱ्यांना अशा मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवण्याचा अधिकार दिला. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारशाळा उभी राहिली. १८७६ आणि १८९७ च्या कायद्यांनी सुधारशाळांना सरकारी चौकट दिली. तरीही मुले तुरुंगात जातच होती. १९१९-२० च्या जेल कमिटीने मुलांसाठी वेगळी न्यायालये हवीत, असे सांगितले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबईने १९२४ मध्ये बालकायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. पकडायचे पोलिसांनी, हुकूम न्यायालयाचा आणि सांभाळ संस्थेचा, अशी वाटणी झाली. या तिघांना जोडणारा दुवा म्हणजे परिवीक्षा अधिकारी. मुलाच्या घरी जायचे, शाळेत विचारायचे आणि न्यायालयाला अहवाल द्यायचा, हे त्याचे काम.

२००० च्या बाल न्याय कायद्याने मुलग्यांसाठीही १८ वर्षांची मर्यादा आणली. मंडळावर दंडाधिकाऱ्यासोबत दोन सामाजिक कार्यकर्ते आले. मूल पकडल्यावर परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवणे पोलिसांवर बंधनकारक झाले. कागदावर सारी खाती एकत्र आली.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. एक बाई कार्यालयात येऊन म्हणाली, "साहेब, माझं पोरगं सोळाचं आहे. त्याला मोठ्यांच्या जेलात ठेवलंय." सायकलचोरीचा आरोप होता. पोलिसांच्या कागदावर वय १९ होते. आम्हाला कुणी कळवलेच नव्हते. शाळेला वयाचा दाखला मागणारे पत्र गेले होते, पण ते वरिष्ठांच्या परवानगीसाठी तालुक्याला अडकले होते. मी एसटीने त्या गावी गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले आणि पंधरा मिनिटांत उतारा हाती दिला. वय सोळाच होते. तोवर मुलाचे बावीस दिवस तुरुंगात गेले होते आणि नववीची वार्षिक परीक्षा बुडाली होती.

यात कुणीही नियम मोडल्याचे कबूल केले नाही. प्रत्येकाकडे आपापल्या जावक क्रमांकाचा पुरावा होता.

२०१५ च्या कायद्याने परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालाला दोन आठवड्यांची मुदत घातली. किरकोळ गुन्ह्याची चौकशी ठरलेल्या मुदतीत आणि वाढीव मुदतीतही संपली नाही, तर ती बंद होते. ही मोठी प्रगती आहे. पण दीडशे वर्षांच्या या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते: मूल एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे सोपवल्याने सुटत नाही. पत्राच्या आधी कुणीतरी स्वतः पोचावे लागते.