निगेटिव्हवरचा पांढरा ठिपका

८ जून २००४. मृगाचे दिवस, त्यामुळे सदलग्यात ज्याचं त्याचं लक्ष ढगांकडं, माझं सूर्याकडं. पावणेअकराच्या सुमारास शुक्र सूर्याच्या बिंबावर चढणार होता, म्हणजे शुक्राचं अधिक्रमण. स्टुडिओला कुलूप लावलं, दुर्बीण स्टँडला बांधली, एक भिंग झाकलं आणि दुसऱ्यातून येणारा सूर्य पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतला. बिंब साडेसहा सेंटिमीटरचं, शुक्र जेमतेम दोन मिलिमीटर. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, माशी बसलीया, हाकला की!"

मी पुठ्ठ्याचाच फोटो काढला.

९ डिसेंबर १८७४च्या अधिक्रमणाला फोटोंचा हाच खटाटोप रुडकीत कर्नल टेनंट यांनी केला होता. जपानात नागासाकीला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी तर फिरत्या तबकडीवर ७२ सेकंदांत ४८ छबी घेणारं यंत्र नेलं होतं. सगळ्यांना हवं होतं सूर्याचं अंतर, आणि ते काढायचं शुक्र बिंबाच्या कडेला टेकण्याच्या वेळेवरून. पण शुक्र कडेला टेकताना काळा थेंब लोंबावा तसा चिकटून राही आणि नेमकी वेळ हुके. फोटो निकाल लावतील म्हणावं, तर बिंबाच्या कडाच पुसट आल्या. फोटो खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे ऐकवतो.

माझी निगेटिव्ह अजून डब्यात आहे: सूर्य काळा, शुक्र पांढरा. शुक्राचं पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७मध्ये. बुधाचं मात्र १३ नोव्हेंबर २०३२ला, भरदुपारी. बुधाचा ठिपका फारच बारीक, माझी दुर्बीण पुरायची नाही. तोवर कुणीतरी गावात टेलिस्कोप आणा. पुठ्ठा मी देतो.