शंभरांपैकी पंचाण्णव वेळा

भिवंडी म्हटले की डोळ्यांपुढे यंत्रमाग येतात. पण शहर ओलांडले की भाताची खाचरे लागतात. म्हणून तेथील शिक्षकांशी नमुना पाहणीविषयी बोलताना आम्ही उदाहरण भाताचेच घेतले. समजा, निवडक शेतांत कापणी करून तालुक्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी २४ ते २८ क्विंटल, विश्वासपातळी ९५ टक्के, असे निघाले. "म्हणजे खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची शक्यता ९५ टक्के, असेच ना?" एका बाईंनी विचारले.

अगदी हीच शंका १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत निघाली होती. येर्झी नेमन यांनी ही कल्पना तेथे मांडली, तेव्हा ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना वाटले की, या 'विश्वासा'त काही हातचलाखी तर नाही! नेमन यांचे म्हणणे असे, की तालुक्याची खरी सरासरी ठरलेली आहे. ती २४ ते २८ मध्ये आहे किंवा नाही. बदलतो तो नमुना. दर वेळी नव्याने शेते निवडून शंभर वेळा असा पल्ला काढला, तर सुमारे ९५ पल्ल्यांत खरी सरासरी सापडेल. म्हणजे ९५ टक्के हा गुण रीतीचा, हाती आलेल्या एका पल्ल्याचा नव्हे.

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि ई. एस. पिअर्सन यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. १९४० पासून दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. शेत चिठ्ठी टाकल्यासारखे निवडायचे, शेतातला तुकडाही तसाच. मग कापणी, मळणी, वजन.

पण तुकडा केवढा घ्यावा? यावर मोठा वाद झाला. बंगालात प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे घेत. श्रम कमी, म्हणून नमुने जास्त. आणि नमुने चौपट केले की पल्ला निम्म्यावर येतो. सुखात्मे यांनी निरनिराळ्या आकारांचे तुकडे कापून ताडून पाहिले, तर फार लहान तुकड्यांतून उत्पादन फुगून निघाले! १९४६ मध्ये त्यांनी हे 'नेचर'मध्ये मांडले. कारण साधेच आहे. रेषेवरचे रोप आत धरायचे की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १ मीटर बाजूच्या चौरसाला दर चौरस मीटरमागे ४ मीटर कड असते. १० मीटर बाजूच्या चौरसाला अवघी ०.४ मीटर.

असे लहान तुकडे हजारोंनी वाढवले तर पल्ला अरुंद होत जातो, कागदावर ९५ टक्के तसेच राहतात आणि खरी सरासरी मात्र पल्ल्याच्या बाहेर पडते. निवडीतला योगायोग सूत्राला दिसतो, विळ्याचा कल दिसत नाही. पीकविम्याची भरपाई ठरवताना आजही कापणी प्रयोगांचे आकडे धरतात. उत्पादन फुगले, तर नुकसान झालेल्या शेतकऱ्याची भरपाई घटते.

शाळेच्या मैदानात दोरीने लहानमोठे चौरस आखून गवताची रोपे मोजता येतील. कडेवरचे रोप कोणत्या बाजूला धरायचे, हे मुलांना आधी सांगू नये.