शॉक ॲब्सॉर्बर : जुन्या पिकअपसाठी निवड

गॅरेजमध्ये ज्याला नुसते शॉक किंवा शॉकअप म्हणतात, ते उपकरण स्प्रिंगचे हेलकावे आवरते. तेलाने भरलेल्या नळीत पिस्टन सरकतो, त्याच्या भोकांतून आणि झडपांतून तेल रेटून पलीकडे जाते, आणि हेलकाव्याची ऊर्जा उष्णता होऊन नळीच्या अंगातून बाहेर पडते. पिस्टनचा वेग जितका जास्त तितका तेलाचा विरोध जास्त. गाडी उभी असताना हा विरोध शून्य असतो. गाडीचे आणि मालाचे वजन पाट्यांवर, म्हणजे पानांच्या स्प्रिंगवर असते, शॉकवर नाही. पिकअपच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका हा फरक विसरल्यामुळे होतात. विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षणाच्या चकत्या वापरणारी साधने होती. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीच्या आकाराचा तेलाचा शॉक सर्वत्र रुळला. भारतात १९६१ साली मुंबईत सुरू झालेली गॅब्रिएल इंडिया ही या धंद्यातली जुनी कंपनी असून तिचे कारखाने चाकण आणि नाशिक येथेही आहेत. म्हणजे मालाची टंचाई नाही. अडचण असते ती कशाच्या आधारे निवडावे याची. या नोंदीचे म्हणणे असे, की गाडी बहुतेक दिवस किती ओझे घेऊन धावते आणि तिचे पाटे आज कोणत्या अवस्थेत आहेत, या दोन गोष्टी आधी ठरवाव्यात. ब्रँड आणि किंमत यांचा विचार त्यानंतर करावा.

मोटारीपेक्षा पिकअपची अडचण वेगळी आहे आणि ती आकड्यांत नीट दिसते. समजा, मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचे ५०० किलो येतात आणि कांद्याच्या गोण्या भरल्यावर १,५०० किलो. चार माणसे बसल्याने मोटारीच्या मागच्या बाजूवर एवढा फरक कधीच पडत नाही. हेलकावा एका झटक्यात, पुन्हा न उसळता थांबवायला जे अवमंदन (डॅम्पिंग) लागते, ते वजन आणि पाट्याचा ताठपणा यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वजन तिप्पट झाले की ही गरज सुमारे १.७ पट होते. भाराबरोबर खालचे जाड मदतनीस पाटे कामाला लागून ताठपणा दीडपट झाला, तर ती २.१ पटीवर जाते. शॉकच्या झडपा मात्र त्याच राहतात. रिकाम्या गाडीत त्या गरजेच्या निम्मे, म्हणजे ०.५ अवमंदन देत असतील, तर भरलेल्या गाडीत तेच प्रमाण ०.२४ वर उतरते. साध्या शॉकला दोन्ही टोके सारखीच सांभाळता येत नाहीत, म्हणून निवड ही तडजोडच असते आणि ती गाडीच्या रोजच्या भाराकडे झुकलेली असावी. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात रोज भरून जाणारी गाडी आणि आठवड्यातून एकदा खताची चार पोती आणणारी गाडी एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या असल्या तरी त्यांना एकच शॉक योग्य ठरेल असे नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मग सरळ सगळ्यांत कडक, ‘हेवी ड्यूटी’ शॉक का बसवू नये. भरल्यावर उपयोगी पडेल आणि रिकामी गाडी थोडी आदळली तर सोसू. आदळणे नुसते सोसण्यापुरते राहत नाही, हे त्याचे उत्तर आहे. शॉकचा विरोध दबताना कमी आणि ताणला जाताना जास्त ठेवलेला असतो, कारण उंचवटा चढताना चाकाला पटकन वर जाऊ द्यायचे असते आणि दबलेल्या पाट्याची साठलेली ताकद परत येताना आवरायची असते. परतीचा विरोध गरजेपेक्षा फार वाढला, तर एकामागून एक खळगे असलेल्या रस्त्यावर पाटा पूर्ण मोकळा होण्याआधीच पुढचा धक्का येतो. चाकाला खाली उतरून रस्ता गाठायला वेळ मिळत नाही आणि रिकामी मागची बाजू वळणावर बाजूला सरकते. दबतानाचा विरोध वाढला, तर तोच धक्का चेसिसला, शॉकच्या कानांना आणि वेल्डिंगला जातो. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या चेसिसमध्ये हे सांधे आधीच गंजलेले असतात, त्यामुळे कडक शॉकचा खरा भुर्दंड तिथे बसतो. रोज पूर्ण भार वाहणाऱ्या गाडीला थोडा कडक शॉक देणे योग्यच आहे, पण ते तिचे काम पाहून. ‘जास्त मजबूत’ या शब्दाला भुलून नव्हे.

दुसरा समज याहून खोल रुजलेला आहे: मागून बसलेली गाडी नवे शॉक टाकल्यावर उठेल. गॅसच्या शॉकमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो आणि तो पिस्टनचा दांडा बाहेर ढकलतो, म्हणून हा समज थोडा खराही वाटतो. हिशेब करून पाहावा. १४ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. एकनळी शॉकमधला गॅसचा दाब २५ बार धरला, तरी बाहेर ढकलणारे बल चाळीस किलोच्या आसपास येते. दोन्ही बाजूंचे मिळून ऐंशी. टनभर मालापुढे हे नगण्य आहे. गाडी बसली असेल तर पाटे थकलेले असतात, एखादे पान तुटलेले असते किंवा शॅकलचे बुश खलास झालेले असतात. ते दुरुस्त केल्यावरच शॉकचे माप घेण्यात अर्थ असतो.

इथे आपल्याकडचा ‘पाटे वाढवण्याचा’ रिवाज आड येतो. एखाद-दुसरे पान घातले की गाडी उंच उभी राहते आणि मालकाचे समाधान होते. मात्र मूळ लांबीचा शॉक आता उभ्या गाडीतच बराच ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरताच तो शेवटाला जाऊन अडकतो, आणि काही महिन्यांत दांडा निसटतो किंवा वरचा कान उपटतो. दोष मात्र शॉकच्या कंपनीला मिळतो. त्याहून गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो आणि तो भार ओळखतो ॲक्सल व चेसिस यांमधल्या अंतरावरून. पाटे वाढवून हे अंतर बदलले आणि व्हॉल्व्ह पुन्हा जुळवला नाही, तर भरलेली गाडी त्याला हलकी वाटते आणि मागचे ब्रेक ऐन वेळी कमी लागतात. नोंदणीपत्रावरची वजनाची मर्यादा यातल्या कशानेही वाढत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे.

तिसरा आक्षेप अनुभवी चालकांकडून येतो आणि त्यात तथ्य आहे. अनेक पानांचा पाटा पानांच्या आपसांतल्या घासण्यामुळे स्वतःच हेलकावे आवरतो. जुन्या गाड्या शॉक निकामी होऊनही वर्षानुवर्षे चालतात, मग खर्च कशाला? घर्षण मात्र वेग ओळखत नाही. बारीक खडबडीत रस्त्यावर ते पाट्याला हलूच देत नाही आणि धक्का थेट हौद्यात जातो. मोठ्या खड्ड्यानंतर, जिथे वेगाच्या प्रमाणात विरोध हवा, तिथे ते अपुरे पडते. शिवाय ते गंज, चिखल आणि ग्रीस यांनुसार बदलत राहते. याच घर्षणामुळे बंपर दाबून गाडी किती वेळा उसळते ते पाहण्याची परीक्षा पिकअपच्या मागच्या बाजूला फसवी ठरते: शॉक मेलेला असला तरी ताठ पाटा उसळत नाही. त्यापेक्षा शॉक सोडवून हाताने ओढून-दाबून पाहावा. सुरुवातीला रिकामा हिसका लागला, एकाच ठिकाणी विरोध नाहीसा झाला किंवा दोन्ही दिशांना तो सारखाच हलका लागला, तर शॉक बाद समजावा. नळीवर ओघळलेले तेल आणि टायरवर ठिकठिकाणी पडलेल्या खळग्यांसारखी झीजही तेच सांगते, जरी टायरच्या झिजेमागे बेअरिंग किंवा बॅलन्सिंगही असू शकते. दांड्याच्या सीलपाशी नुसता तेलकट ओलावा असणे हा दोष नव्हे.

शॉकचा प्रकार ठरवताना उष्णतेकडे लक्ष द्यावे. एकात एक दोन नळ्या असलेला दुनळी शॉक स्वस्त असतो, बाहेरच्या नळीला पोचा आला तरी बहुधा चालत राहतो आणि गावातल्या रस्त्यांना पुरतो. पण लांब खराब रस्त्यावर त्यातले तेल तापून पातळ होते आणि गॅस नसलेल्या प्रकारात हवेशी मिसळून फेसाळते. फेसातून पिस्टन जवळजवळ विरोधाविना जातो. कमी दाबाचा गॅस भरलेला दुनळी शॉक हा फेस बराच रोखतो आणि जुन्या मालवाहू पिकअपसाठी सहसा तोच सर्वांत शहाणा पर्याय असतो. एकनळी शॉक उष्णता अधिक चांगली बाहेर टाकतो, पण त्याची नळी हीच पिस्टनची वाट असल्याने उडालेल्या खडीचा एक खोल पोचा त्याला संपवू शकतो. प्रकार कोणताही असो, दबलेली आणि ताणलेली अशी दोन्ही टोकांची लांबी मोजून घ्यावी: बंप स्टॉपचे रबर ॲक्सलला टेकते तेव्हाही शॉकमध्ये थोडी चाल शिल्लक हवी, आणि चाक लोंबकळताना शॉकने दोरीसारखे ॲक्सल पेलता कामा नये. एकाच ॲक्सलवरचे दोन्ही शॉक एकदमच बदलावेत. एक नवा आणि एक थकलेला असला की गाडी डावीकडच्या आणि उजवीकडच्या खड्ड्याला वेगवेगळे उत्तर देते. काही पिकअपमध्ये एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो. ती चुकीची जोडणी नव्हे. जोर लावताना आणि ब्रेक मारताना ॲक्सल पिळवटून चाके थडथडू नयेत म्हणून ती तशी केलेली असते, आणि सोयीसाठी बदलू नये.

बसवताना दुनळी शॉक उभा धरून काही वेळा पूर्ण ओढून-दाबून घ्यावा, कारण आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत हवा शिरलेली असते. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. चाके लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा शॉक शाबूत असूनही बुश फाटून खडखडू लागते.