विल्सन यांचा डावा हात: २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर १९१९

२५ सप्टेंबर, दुपार. कोलोरॅडोतील प्युब्लो. राष्ट्रसंघाच्या करारासाठी लोकमत वळवायला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तीन आठवडे रेल्वेने देश पिंजून काढत होते. वय ६२, डोकेदुखी पाठ सोडत नव्हती. सभागृहाच्या पायरीवर ते अडखळले, अंगरक्षकाने सावरले. भाषणात शब्द सापडेनात.

हे अचानक आले नव्हते. १८९६ मध्ये उजवा हात कमजोर पडला होता. १९०६ मध्ये एका सकाळी उठले तर डाव्या डोळ्याला दिसेना. उच्च रक्तदाब आणि कडक होत चाललेल्या रक्तवाहिन्या हे कारण तेव्हाच निघाले होते. सल्ला मिळाला विश्रांतीचा. त्यानंतर ते गव्हर्नर झाले, दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले!

२५ सप्टेंबरचीच संध्याकाळ. विल्सन यांचे डॉक्टर ग्रेसन यांनी गाडी गावाबाहेर थांबवून त्यांना तासभर पायी फिरवले. वाटेत एका शेतकऱ्याने कोबी आणि सफरचंदे दिली. विल्सन यांना बरे वाटले.

२६ सप्टेंबर, पहाटे २ च्या सुमारास. ग्रेसन यांना उठवावे लागले. राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्याचे स्नायू उडत होते, मळमळ होती, श्वास पुरत नव्हता. सकाळी दौरा रद्द. कारण सांगितले गेले थकव्याचे.

२८ सप्टेंबर. वॉशिंग्टन. स्टेशनातून ते स्वतःच्या पायांनी चालत गेले.

२ ऑक्टोबर, पहाट. पत्नी एडिथ यांनी डोकावले तेव्हा ते शांत झोपले होते. पक्षाघाताच्या वेळी आजचे डॉक्टर नातेवाइकांना हाच प्रश्न आधी विचारतात: रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला? गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात.

सकाळी ८ नंतर. विल्सन पलंगाच्या कडेला बसून पाण्याची बाटली घ्यायला धडपडत होते. डावा हात लोंबत होता. हाताला काही जाणवत नाही, जरा चोळून दे, असे ते म्हणाले. एडिथ यांनी त्यांना न्हाणीघरात नेले आणि त्या फोनकडे धावल्या.

८.५०. व्हाइट हाउसचे व्यवस्थापक हूव्हर यांचा फोन वाजला: ग्रेसनना ताबडतोब बोलवा. एडिथ परतल्या तेव्हा विल्सन फरशीवर बेशुद्ध पडले होते.

दुपारी ४.३०. मेंदूविकारतज्ज्ञ डर्कम यांनी तपासले. निदान: मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मधल्या धमनीत बहुधा गुठळी. म्हणून डावी बाजू लुळी. गुठळी अशी मेंदूच्याच धमनीत धरली तर थ्रॉम्बोटिक झटका; हृदयाचे ठोके अनियमित पडून तिथे साकळलेली गुठळी मेंदूत जाऊन अडकली तर एम्बॉलिक; रक्तदाब-मधुमेहाने मेंदूच्या खोल भागातली बारीक नळी बंद झाली तर लॅक्युनर. तंबाखू आणि कोलेस्टेरॉल यांचाही हात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध १९१९ मध्ये कुणाकडेच नव्हते.

जनतेला मात्र मज्जातंतूंचा थकवा एवढेच सांगितले गेले. अर्धांगवायूची बातमी फुटली ती फेब्रुवारी १९२० मध्ये. तोवर, १९ नोव्हेंबर १९१९ ला, सिनेटने करार एकदा फेटाळलाही होता. विल्सन ४ मार्च १९२१ पर्यंत पदावर राहिले. राष्ट्राध्यक्ष असा अंथरुणाला खिळला तर अधिकार कुणी चालवायचे, हे घटनेत स्पष्ट व्हायला १९६७ साल उजाडले.