एल्कची शिकार : लवाजम्यापासून पाठपिशवीपर्यंत

एल्क हे सांबराच्या कुळातील, पण थंड प्रदेशात राहणारे थोराड हरीण असून, वाटाड्या न घेता केवळ स्वतःच्या तयारीवर त्याच्या मागावर रॉकी पर्वतात जाण्याची प्रथा हा अनेक अमेरिकी शिकाऱ्यांना आपल्या स्वावलंबी पूर्वजांचा वारसा वाटतो; प्रत्यक्षात मात्र तिची घडण मुख्यतः विसाव्या शतकातील कायद्यांनी आणि सरकारी खात्यांनी केली आहे.

एकोणिसाव्या शतकात बाहेरून येणारा धनिक शिकारी या डोंगरांत सहसा एकटा शिरत नसे. सर सेंट जॉर्ज गोर हा आयरिश सरदार १८५४ ते १८५७ या काळात जिम ब्रिजर या नामांकित वाटाड्याला हाताशी धरून येथे हिंडला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे ४० माणसे, शंभराहून अधिक घोडे, शिकारी कुत्र्यांचा ताफा आणि निजायला पितळी पलंगही होता. त्याने सुमारे २,००० गवे (अमेरिकेतील बायसन) आणि १,६०० एल्क व इतर हरणे मारल्याचे सांगितले जाते. या आकड्यांत अतिशयोक्ती असू शकेल. तरीही कोलोरॅडोतील एका पर्वतरांगेला आजतागायत गोरचेच नाव आहे, हे पुरेसे बोलके आहे.

पुढे खाणींच्या वसाहतींना मांस पुरवणाऱ्या धंदेवाईक शिकाऱ्यांनी कळप संपवत आणले, आणि त्यात दातांच्या व्यापाराची भर पडली. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन सुळे असतात. क्रो आदी जमातींच्या स्त्रियांच्या पोशाखावर ते मानाने मिरवत, पण एल्कचेच नाव धारण करणाऱ्या एका अमेरिकी बंधुसंस्थेचे सभासद ते घड्याळाच्या साखळीत अडकवू लागल्यावर केवळ दोन दातांसाठी जनावर मारून धूड तसेच टाकून देण्यापर्यंत मजल गेली. वन्यजीवांच्या बेकायदा आंतरराज्य व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा १९०० मध्ये आला. कोलोरॅडोने १९०३ मध्ये एल्कची शिकार बंद केली, वायोमिंगमधून जनावरे आणून सोडली आणि १९२९ मध्येच हंगाम पुन्हा खुला केला. बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवणारा पिटमन-रॉबर्टसन कायदा १९३७ चा. आज कोलोरॅडोत अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत.

एकट्या शिकाऱ्याच्या तयारीवर या इतिहासाचा ठसा आहे. १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्याला कोलोरॅडोत शिकारशिक्षणाचे प्रमाणपत्र असल्याखेरीज परवाना मिळत नाही, आणि अनेक क्षेत्रांचे परवाने सोडतीने वाटले जातात. वाटाड्याची जागा प्रथम भूसर्वेक्षण खात्याच्या १:२४,००० प्रमाणाच्या नकाशांनी घेतली. त्यांवरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचून चढ, खिंडी आणि जनावरांची संभाव्य विश्रांतीस्थाने घरबसल्या हेरता येतात. नऊ-दहा हजार फुटांवरील विरळ हवेची सवय व्हावी म्हणून जाणते शिकारी काही दिवस आधीच डोंगरात मुक्काम करतात. सर्वांत अवघड, आणि नवख्यांनी हमखास कमी लेखलेला, भाग शिकारीनंतरचा असतो: सव्वातीनशे किलोंच्या आसपास भरणाऱ्या नराचे पाय व पाठीचे मांस जागेवरच सोडवावे लागते, ते लवकर थंड करून हवा खेळणाऱ्या कापडी पिशव्यांत भरावे लागते, आणि घोडा नसेल तर अनेक खेपा करून पाठीवरून उतरवावे लागते. खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे हा आता गुन्हा आहे.

वाटाड्याविना शिकारीला जाण्याची ही मोकळीक सर्वत्र नाही. वायोमिंगमध्ये संघराज्याच्या संरक्षित निर्मनुष्य रानात परराज्यातील शिकाऱ्याला परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक रहिवासी सोबत घ्यावाच लागतो. कारण सुरक्षेचे दिले जात असले, तरी स्थानिक व्यावसायिकांचे हित त्यात उघड दिसते.

मात्र आज जी जमीन सर्वांची म्हणून हा एकटा शिकारी मोकळेपणाने तुडवतो, तिचा कोलोरॅडोतील मोठा भाग यूट या मूळनिवासी लोकांकडून घेतलेला आहे. सॅन ह्वान पर्वताचा प्रदेश त्यांनी १८७३ च्या ब्रुनो कराराने सोडला, तेव्हा तेथे शिकार करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. राज्य सरकारशी त्याबाबतचा समझोता होण्यास शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.