रजा मंजूर, तिकीट बुक... पण परदेशवारीची परवानगी घेतली का?

नागपूरहून शारजा आणि दोहाला थेट विमानं आहेत, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत दुबई गाठणं आता मोठी गोष्ट राहिलेली नाही. पण याच शहरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, अंबाझरीची आयुध निर्माणी आणि ब्रह्मोस क्षेपणास्त्राचं केंद्रही आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी विमानाचं तिकीट ही बरीच नंतरची पायरी असते.

आपल्याकडे 'सिक्युरिटी क्लिअरन्स' असतो का?

अमेरिकेत असतो तसा, एका व्यक्तीच्या नावावर चढलेला दर्जा आपल्याकडे सरसकट नाही. नोकरीत घेताना चारित्र्य आणि पूर्वेतिहासाची पडताळणी होते. पुढे सेवानियम, शासकीय गोपनीयता कायदा १९२३ आणि त्या त्या खात्याच्या सूचना लागू होतात. परदेशवारीचे नियमही असेच वेगवेगळ्या कागदांत विखुरलेले आहेत आणि बहुतेकांची गडबड तिथेच होते.

खासगी सहलीसाठीही विचारायचं?

हो. केंद्रीय कर्मचाऱ्याला स्वतःच्या खर्चाने फिरायला जायचं असलं तरी आधी परवानगी लागते. कोणत्या देशात, किती दिवस, कशासाठी, खर्च किती, पैसा कुठून येणार आणि यापूर्वी कुठे गेला होतात, हे सगळं अर्जात भरावं लागतं. रजा मंजूर झाली म्हणजे परदेशाची परवानगीही मिळाली, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे.

२७ जुलै २०१५ च्या कार्मिक विभागाच्या आदेशाने कर्मचाऱ्यांना एक दिलासा दिला. पूर्ण भरलेल्या अर्जावर २१ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं धरता येतं. मात्र कामाचं स्वरूप संवेदनशील असेल तर मंत्रालय वेगळ्या सूचना काढू शकतं, अशी सोयही त्याच आदेशात आहे. म्हणजे संरक्षण खात्यातल्या माणसाने '२१ दिवस झाले, चला' म्हणत बॅग भरण्याआधी आपल्या कार्यालयाचं परिपत्रक बघितलेलं बरं. राज्य सरकार आणि सार्वजनिक कंपन्यांचे नियम वेगळे आहेत.

तिकीट दुसऱ्याने काढलं तर?

इथे एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान विनियमन कायदा २०१०, आडवा येतो. त्याच्या कलम ६ नुसार सरकारी कर्मचाऱ्याला परदेशात असताना केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय विदेशी पाहुणचार घेता येत नाही. प्रवासखर्च, फुकट राहणं-जेवण, वाहन, उपचार हे सगळं पाहुणचारात धरलं जातं. अर्ज साधारणपणे दोन आठवडे आधी गृह मंत्रालयाकडे पोहोचायला हवा. तिकडे अचानक आजारी पडून उपचार घ्यावे लागले तर सूट आहे, पण महिन्याभरात सरकारला कळवावं लागतं.

सरकारच्या मालकीच्या कंपन्यांचे कर्मचारीही या कलमात येतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या ७ कंपन्या झाल्या. त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय नागपुरातच आहे. 'आता आम्ही कंपनीवाले' हा युक्तिवाद इथे चालत नाही.

परदेशी नागरिक हाही 'विदेशी स्रोत' ठरतो. मुलगा ग्रीन कार्डवर असेल तर तो अजून भारतीयच आहे. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल आणि खर्च तोच करणार असेल, तर ते अर्जात स्पष्ट लिहून लेखी उत्तर घेणं शहाणपणाचं.

एवढी काळजी कशासाठी?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रह्मोसच्या नागपूर केंद्रातल्या एका तरुण अभियंत्याला अटक झाली. बनावट सोशल मीडिया प्रोफाइल आणि परदेशातल्या नोकरीचं आमिष, असा तो सापळा होता. जून २०२४ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या गंभीर आरोपांतून त्याची मुक्तता केली आणि गोपनीय माहितीबाबतच्या निष्काळजीपणाची ३ वर्षांची शिक्षा तेवढी कायम ठेवली. बातम्यांत 'जन्मठेप' जितकी गाजली, तितका हा निकाल गाजला नाही.

या प्रकरणात सगळं मोबाइल आणि लॅपटॉपवर घडलं. पण परदेशात झालेली ओळख याच मार्गाने पुढे सरकते. गोपनीयता कायद्याचं कलम ४ तर आणखी कडक आहे. परदेशी हस्तकाच्या पत्त्यावर जाणं किंवा त्याचं नाव-पत्ता जवळ सापडणं, यावरूनही संपर्काचं अनुमान काढता येतं. अशा वेळी आधी दिलेला प्रवासाचा तपशील कर्मचाऱ्याच्याच कामी येतो.

अमेरिकेतल्या मराठी माणसाचं काय?

तिकडे क्लिअरन्स साधारणपणे अमेरिकी नागरिकालाच मिळतो. तो मिळालेला मराठी इंजिनिअर भावाच्या लग्नाला नागपूरला येणार असेल, तर त्याच्यासाठी भारत हाच 'परदेश'. जून २०१७ पासून लागू असलेल्या नियमानुसार त्याला खासगी प्रवासाचा आराखडा आधी देऊन मंजुरी घ्यावी लागते. वाटेत बेत बदलला, म्हणजे परतताना दोन दिवस दुबईत थांबला, तर परतल्यावर कामाच्या ५ दिवसांत तेही कळवावं लागतं.